सासूबाईंच्या छातीतली गाठ

९ जानेवारी

तिसरा चष्मा! आज कामावर, चष्म्याच्या दुकानात, मी स्वतः काचा घासून बसवल्या, तरी सासूबाईंना एका दाराची दोन दारं दिसताहेत. संध्याकाळ झाली की डावी पापणी आपोआप खाली येते. घास तोंडात नुसता फिरत राहतो. बोलणं नाकातून – काही कळत नाही. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, आईला सगळ्यांनी भोवती बसलेलं आवडतं, मनावर घेऊ नकोस. यांनीही मान डोलावली. मी भांडी घासायला उठले.

२१ जानेवारी

सोंग नव्हतं. छातीच्या मधल्या हाडामागे गाठ आहे. लाखात एखाद्याला होते म्हणे. तिच्यापायी शरीर स्वतःवरच उलटलंय – मेंदू हुकूम सोडतो, स्नायू ऐकत नाहीत. "म्हणजे आमच्या ऑफिससारखंच," हे म्हणाले. सर्जनबाई हसल्या नाहीत. हाड कापून छाती उघडावी लागेल. नंतर श्वासाचे स्नायू चाललेच नाहीत, तर यंत्र.

नणंदबाईंना कळवलं. फोनवरच रडल्या.

२ फेब्रुवारी

घर, दवाखाना, घर. ऑपरेशन झेपावं म्हणून आधी औषधांनी अंगात ताकद आणताहेत. माझी रजा संपली. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, पाच मार्चपर्यंत वाट बघते, मग दुसरी कुणीतरी ठेवते. त्यांचं तरी काय चुकलं? यांना सांगितलं. "आईजवळ कुणीतरी हवंच ना," म्हणाले. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायचीही गरज नव्हती.

५ फेब्रुवारी

दमले.

११ फेब्रुवारी

झालं एकदाचं. गाठ फुप्फुसाच्या आवरणाला चिकटली होती, तेवढा तुकडाही काढला. सर्जनबाई बाहेर येऊन भिंतीला टेकल्या – त्याही दमलेल्या. म्हणाल्या, सगळी निघाली, पण गुण यायला महिने लागतील. धीर धरा.

धीरच धरून बसलोय.

१५ फेब्रुवारी

श्वासाच्या यंत्राची नळी काढली, पण श्वास पुरेना. पुन्हा घातली. हे कॉरिडॉरमध्ये ओंजळीत तोंड लपवून बसले. मी चहा आणून दिला. मनात आलं – संपलं एकदाचं, तर झोपायला तरी मिळेल. कुणाला सांगणार हे? मग आत जाऊन सासूबाईंचे पाय चेपत बसले.

१९ फेब्रुवारी

नळी निघाली. स्वतःचा श्वास घेताहेत. मी खुर्चीतच झोपले, नर्सने उठवलं.

४ मार्च

घरी आणून आठवडा झाला. छातीवर उभी शिवण. खोकला आला की उशी छातीशी धरून बसवायचं. गोळ्या वेळच्या वेळी, सगळं गाळून भरवायचं, अंग पुसायचं. बोलणं अजून अर्धंमुर्धं. उद्या दुकानात जाऊन सांगून येते, जमणार नाही म्हणून. यांना म्हटलं, तर मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "बरं झालं, एक काळजी मिटली."

सासूबाई पलीकडे डोळे मिटून पडल्या होत्या.

५ मार्च

सकाळच्या गोळीने सासूबाईंचा आवाज मोकळा झाला. मी चपला घालत होते. यांना हाक मारून म्हणाल्या, "ती 'जमणार नाही' सांगायला जात नाहीये. कामाला जातेय. माझं आता तू बघायचंस."

हे म्हणाले, मला यातलं काही येत नाही, आई.

"शीक."

मी परत आत गेले आणि डबा भरून घेतला.