त्रोफिमच्या उशाशी रेंज येते

३ मार्च, सोमवार

दवाखान्यातल्या नर्सबाईनं ही वही दिली. रोज प्रेशर मोजून लिहायचं म्हणाली. मशीनचे सेल संपलेत. कोरी वही बघवत नाही म्हणून बाकीचं लिहिते. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरे.

आज काय झालं, तर फोनचा नंबर मेला. फोन धडधाकट आहे, नंबर मेला. दुकानवाली राया म्हणाली, मावशी, वर्षभर रिचार्ज टाकलं नाही की कंपनी नंबर काढून घेते. मी विचारलं, मी बोलले नाही तर कंपनीचं काय झिजलं?

मला कळलं कसं, तर तीन रविवार रोदिकाचा मिस्ड कॉल आला नाही. रोदिका माझी मुलगी. इटलीत पादुआला एका म्हातारीला सांभाळते. गुरुवारी दुपारी आणि रविवारी सुट्टी. आमचं ठरलेलं आहे: एक रिंग म्हणजे बरी आहे, दोन म्हणजे पार्सल पाठवलंय, तीन म्हणजे उचल. बहुतेक एकच. एकीत सगळं येतं.

काळजी वगैरे केली नाही. फक्त फोनची बॅटरी तीनदा काढून घातली.

नवीन कार्ड घ्यायचं. सगळ्यात स्वस्त. मला फोन लागतो कधीमधी. घराला आग लागली किंवा विहिरीत पडले तरच.

६ मार्च, गुरुवार

रायाच्या दुकानात पाव, खिळे आणि मोबाइलचे प्लॅन एकाच फळीवर असतात. कंपन्या दोन. लाल आणि हिरवी.

लालची रेंज माझ्या स्वयंपाकघरात येते, खिडकीपाशी. पण आता महिन्याचा पॅक घ्यावाच लागतो. एक कोंबडी जाईल दर महिन्याला. शिवाय माझा जुना नंबर खाल्ला तो लालनंच. हिरवीचं महिन्याचं काही नाही. एकदा टाकलं की वर्षभर बघायला नको. पण हिरवीची रेंज सगळ्या गावात एकाच ठिकाणी येते, टेकडीवर, कबरस्तानात.

राया म्हणाली, लाल घ्या, या वयात टेकडी चढून पाय मोडाल. मी म्हटलं, मोडला तर तिथंच ठेवा, खाली आणायचा खर्च वाचेल.

हिरवी घेतली. पैशाचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. गावातली वार्वारा आणि बाकीच्या बाया हिरवीवाल्या आहेत आणि रविवारी वर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात, हे मला घरी आल्यावर आठवलं.

सेल राहिले.

९ मार्च, रविवार

वर गेले. सगळ्या बाया माझ्या नवऱ्याच्या, त्रोफिमच्या कबरीवर.

रेंज सगळ्यात चांगली त्याच्या उशाशी येते. क्रूसाला टेकून फोन ठेवला की चार दांड्या. दोन पावलं सरकलं की एक. त्याच्या कबरीशेजारचं टेबल आणि बाक मीच बसवून घेतले होते, त्यावर वार्वारा पाय पसरून बसलेली. जिवंतपणी ज्याच्याशी बोलायला बाईमाणूस थांबत नव्हतं, त्याच्या डोक्याशी आता पाचजणी.

मी सांगितलं, ही जागा माझी आहे. बसा, पण विचारून बसा. सगळ्यांनी विचारलं. बियांची टरफलं कबरीवर टाकायची नाहीत हा नियमही केला. वार्वारा म्हणाली, "अगाफिया, तू तर टपालखात्याची साहेबीण झालीस." झालेच आहे.

वार्वाराच्या फोनवरून रोदिकाला नवा नंबर पाठवला. पाऊण तासानं एक रिंग. बरी आहे.

ठरवलं: फक्त रविवारी यायचं.

१३ मार्च, गुरुवार

गुरुवारी गेले. त्रोफिमच्या कबरीवरचं गवत वाढलं होतं. मार्चात फार वाढतं.

एक रिंग.

१४ मार्च, शुक्रवार

गवत राहिलं होतं थोडं.

१६ मार्च, रविवार

वार्वाराचा मुलगा ग्रिशा आयर्लंडला असतो. तो तिला चेहऱ्यासकट फोन करतो. आज तासभर बोलला. त्यात काय, तर जेवण दाखवलं. सूप. एवढ्या लांबून सूप दाखवायचं, आणि ती म्हणते, बाळा, मीठ घातलंस का.

मग माझ्या फोनवर एक रिंग वाजली आणि थांबली. वार्वारा म्हणाली, उचल की, साप नाही तो. मी समजावलं की आमचं ठरलेलं आहे, पैसे जात नाहीत. ती म्हणाली, "तिकडून आता फोन फुकट असतो गं. पोरांच्या पॅकमध्ये येतं सगळं. ग्रिशा काय पैसे मोजून सूप दाखवतो?"

फुकट काही नसतं. ग्रिशाला कळत नसेल. रोदिका हिशेबी आहे, माझ्यावर गेलीय.

आणि बोलायचं काय? मी बरी, ती बरी. तिची ती म्हातारी, सिन्योरा ओर्नेला, बरी. चौऱ्याण्णव वर्षांची आहे. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी आणि मरायचं नाव नाही. स्वतःच्या हातानं चमचा धरत नाही. माझी मुलगी तिला भरवते, केस विंचरते, रात्री दोनदा उठून कुशीवर वळवते. मला कुणी वळवत नाही, मी आपली आपण वळते. म्हणून ठणठणीत आहे.

३० मार्च, रविवार

तीन रिंग.

पहिली वाजली, बसून होते. दुसरी वाजली, म्हटलं पार्सल. तिसरी वाजली आणि हातातल्या बिया सांडल्या. वार्वारानंच हिरवं बटण दाबलं, माझ्या हाताला माती होती म्हणून.

रोदिकाचा आवाज जाड झालाय. तिकडची हवा. म्हणाली, "आई, ब्लाजिनीला येऊ का?"

ब्लाजिनी म्हणजे ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार, मेलेल्यांचा ईस्टर. परदेशातली सगळी पोरं त्या दिवशी गावी येतात आणि आपापल्या कबरींवर जेवतात. रोदिका आली त्याला तीन वर्षं झाली.

मी म्हटलं, "तुझं तू बघ. इथं काही अडलेलं नाही. तिकीट महाग असेल. तुझी म्हातारी उपाशी मरेल." ती म्हणाली, बघते. मी म्हटलं, ठेव आता, बिल वाढतंय.

स्पष्ट बोलणं झालं. येणार.

वार्वारानं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, आमच्यात एवढंच लागतं. तिला माझ्या पोटातलं कळतं. माझ्याच पोटातून आलीय.

६ एप्रिल, रविवार

एक रिंग. म्हणजे तिकीट काढलं असणार. तिकीट काढलं याची वेगळी रिंग ठरवायला हवी होती.

घराला चुना लावला. दरवर्षीच लावते. मागची दोन वर्षं लावला नव्हता, कारण तब्येत.

वर जाऊन क्रूसाला निळा रंग दिला. उरलेल्या रंगात टेबल आणि बाक रंगवला. वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही असं सांगितलं. वार्वारा बसली. आता तिच्या मागं निळा पट्टा आहे. मी काही बोलले नाही, चर्चमध्ये दिसेलच.

१३ एप्रिल, रविवार

बायांनी विचारलं म्हणून सांगितलं. येणार आहे. विमानानं. मिनीबसमध्ये दोन दिवस पाय सुजवत येणाऱ्यांतली ती नाही. वार्वारा म्हणाली, तिनं सांगितलं का येते म्हणून? मी म्हटलं, तुझा ग्रिशा मीठ विचारल्याशिवाय सूप खात नाही, सगळ्यांची पोरं तशी नसतात.

जरा जास्त बोलले. पण खरं बोलले.

२० एप्रिल, ईस्टर

एक रिंग, उशिरा. सिन्योरा ओर्नेलाला ईस्टरच्या दिवशीही भरवावं लागतं. अंडी लाल रंगवली. एकटीला सात जास्त झाली, पण सातच ठेवली. आठ दिवसांत आणखी एक खाणारं तोंड येईल.

गादी उन्हात टाकली. ढेकूण होतात.

२४ एप्रिल, गुरुवार

दोन रिंग. पार्सल.

आधी कळेना. स्वतः येणार तर पार्सल कशाला? टेकडी उतरताना उलगडलं. सामान पुढं पाठवलंय. विमानात सामानाचे पैसे वेगळे लावतात, हे रायाच्या दुकानात सगळे बोलतात. हिशेबी पोर.

२६ एप्रिल, शनिवार

मिनीबसवाला खोका टाकून गेला. कॉफी, तेल, चीज, मऊ चपला आणि एक स्वेटर. स्वेटर माझ्या मापाचा. घाईत माझ्यासाठीचं वर आणि स्वतःचं खाली भरलं असेल. खाली काही नव्हतं. हातात घेऊन येणार असेल.

एक चिठ्ठीही होती. सिन्योरा पडली, कंबरेचं हाड, मी तिला सोडून कशी येऊ, वगैरे. ही चिठ्ठी खोका बांधतानाची. खोका गुरुवारी निघालाय, सोमवारपर्यंत चार दिवस. चार दिवसांत हाडं जुळतात.

काळी कोंबडी कापली. आंबट सूप करायचं. तशीही म्हातारी झाली होती. आत तीन अंडी निघाली.

२८ एप्रिल, सोमवार. ब्लाजिनी

सकाळी सात. टेबलावर नवीन चादर. वेणीचे पाव, लाल अंडी, सूप, भात, वाइन. त्रोफिमच्या नावानं दान द्यायला कप, मेणबत्त्या आणि टॉवेल. भरतकामाचा एक टॉवेल रोदिकाच्या हातानं द्यायचा म्हणून बाजूला ठेवला. त्रोफिमच्या उशाशी फोन. चार दांड्या.

दहा. टेकडी भरली. इटलीच्या गाड्या, जर्मनीच्या गाड्या, सेंट लावलेली पोरं कबरींवरून उड्या मारतायत. ग्रिशा आलाय. वार्वारानं त्याचा हात असा धरलाय की जणू तोच फोन आहे.

साडेअकरा. दोन दांड्या. मग एक. मग फुली. एवढी माणसं एकदम फोन लावतायत, चेहरे दाखवतायत, कंपनी गुदमरली. मला हायसं वाटलं. म्हणजे हेच झालंय. पोर विमानतळावर उभी राहून आईला फोन लावतेय आणि लागत नाहीय. विमानतळावरून गावाला येणारी बस दोनची असते.

एक. फादर आले. त्रोफिमचं नाव वाचलं, वाइन ओतली. रोदिका कुठंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहे.

चार. बस येऊन गेली असेल. रोदिका कधीकधी रस्ता चुकते.

सहा. वार्वारा ग्रिशाला घेऊन माझ्या टेबलाशी आली. बशीत मटण वाढून दिलं. ग्रिशानं बाकावर बसून माझं सूप प्यायलं. दोन वाट्या. मीठ बरोबर आहे म्हणाला. वार्वारा काहीच बोलली नाही. तिचं हेच मला आवडत नाही. एरवी तोंड मिटत नाही, आणि नेमक्या वेळी गप्प बसते.

टॉवेल घरी परत आणला. घडी मोडली नाहीय.

२९ एप्रिल, मंगळवार

गाड्या गेल्या. सकाळीच वर गेले, टेबल पुसायचं होतं. टेकडीवर मी आणि कावळे. रेंज पूर्ण.

फोन बंद लागला असेल तर कंपनी नंतर मेसेज पाठवते, अमक्यानं तुम्हाला एवढ्यांदा फोन केला म्हणून. ग्रिशानंच सांगितलं. चष्मा घेऊन गेले होते. क्रूसाला फोन टेकवला आणि मेसेज आला. दोनदा वाचला. 'प्रिय ग्राहक, इटलीत कुणी आपलं आहे का? तीनशे मिनिटं, तीस दिवस.'

कंपनीला कोण सांगतं या गोष्टी?

३० एप्रिल, बुधवार

सेल आणायला गेले होते रायाकडे. विचारलं सहज, ती इटलीची मिनिटं म्हणजे काय भानगड. ती म्हणाली, मावशी, तीनशे मिनिटं म्हणजे पाच तास. तुमची तर कधीमधीची गरज. मी म्हटलं, तीच तर. कधीमधी लागलीच तर असावीत. टाक.

ठरवलं: रोदिकाला नीट बोलायचं. एक तास. सुरुवातीला तिच्या म्हातारीचं हाड विचारायचं. मग चुना, कोंबडी, वार्वाराचा निळा पट्टा सांगायचा, ती हसेल. मग शेवटी म्हणायचं की पुढच्या वर्षी ये. सरळ म्हणायचं, ये.

वर चढताना पाठ केलं.

१ मे, गुरुवार

दुपारची सुट्टी असते म्हणून दुपारी लावला. मी आजवर तिला स्वतःहून फोन केलेला नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. "आई? काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, कुणी नाही गेलं. सगळे इथंच आहेत.

ती म्हणाली, मग? तिच्या मागं ती म्हातारी कण्हत होती. मी विचारलं, जेवलीस का. जेवले म्हणाली. मीठ होतं का, असं विचारलं. आई, बरी आहेस ना, म्हणाली. मी म्हटलं, स्वेटर बसला. ठेव आता, बिल वाढतंय.

ती म्हणाली, आई, फोन तू केलायस.

मी ठेवला.

वार्वारा पलीकडच्या बाकावर बिया सोलत होती. तिनं थोड्या बिया माझ्यापुढं सरकवल्या. मग कंपनीचा मेसेज आला. वापरलेली मिनिटं एक. शिल्लक दोनशे नव्व्याण्णव.

सेल आणायचे राहिले.