व्यंकटरावांचं माकड

५ फेब्रुवारी १९३७, शिरड शहापूर
या गावाला अक्कल शिवलेली नाही. हैदराबादेत इंटर सायन्सपर्यंत शिकलेला माणूस इथे मी एकटा. (परीक्षकांनी मत्सराने नापास केलं, तो भाग वेगळा.) परवा रविवारी शाळेत एव्होल्यूशनवर जाहीर व्याख्यान. दगड येतील. छातीवर झेलायची तयारी आहे.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
माणूस आणि माकड यांचा पूर्वज एक, असं ठणकावून सांगितलं. दगड आला नाही. पुढे बसलेल्या भिकाबाई म्हणाल्या, सगळी मारुतीरायाचीच लेकरं, त्यात नवं काय. वर नारळ दिला. या लोकांना धड चिडताही येत नाही.
तांड्यावरचा वसराम तेवढा थांबला. "म्हंजे मास्तर, आमी अन् पाटील एकाच घरचे?" बिलकुल, म्हणालो. नातवंडं शाळेत घालतो म्हणाला.

९ फेब्रुवारी, सकाळ
व्यंकटराव पाटलांचं बोलावणं. शाळेची जागा त्यांची, माझी नेमणूकही त्यांचीच. अखेर विरोध उगवला. नोकरी गेली तरी शब्द मागे घेणार नाही.

दुपार
पाटलांची माकडाला हरकत नाही. "पण आमचं अन् तांड्याचं माकड एकच काहून?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, परभणीचा एक मास्तर नोकरी शोधून राहिला. मी सांगितलं, शास्त्र पुढे जात असतं. दोन माकडंही असू शकतात. चहा आला. त्यांचं माकड जरा उंच होतं, हेही मान्य केलं. मूळ तत्त्वाला धक्का नाही.

१५ फेब्रुवारी
फळ्यावर दोन माकडं काढली. खालच्या आळीचा सोनाजी येऊन विचारतो, आमचं कोणतं. तिसरं काढलं. दुकानदार किसनरावांना पाटलांच्या शेजारचं हवं. मूर्खांचा बाजार. चौथं काढलं.

२० फेब्रुवारी
वसराम नातवंडांची नावं घालायला आला. फळा पाहिला. तांड्याचं माकड दाराशी, कोपऱ्यात. "त्या दिशी तर एकच व्हतं," म्हणाला. मी शास्त्रातली गुंतागुंत समजावली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि लेकरांचे हात धरून निघून गेला. या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.
दुपारी पाटील वर्ग बघून गेले. त्यांच्या माकडाला फेटा हवा म्हणाले. उद्या चढवतो. गुलाबी खडू मागवला आहे.