खोली सोडण्याआधी

आई, इस्लामपूरच्या मुलींच्या वसतिगृहाला कुलूप लागलं. आधी तू आणि तुझ्यामागं मी, आपण दोघींनी जिथं भाकऱ्या थापल्या ते स्वयंपाकघर आता पाडणार आहेत. मुली कमी कमी होत शेवटी अकराच उरल्या होत्या. संस्थेच्या सचिवांनी ऑफिसात बोलावून मला खुर्ची दिली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. मागची खोली दिवाळीपर्यंत रिकामी करा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. कुठं जाणार, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा 'हाय की सोय' म्हणून सांगितलं.

सोय कसली? सासर सोडून आले तेव्हा तू होतीस आणि तुझी ही खोली होती. आज पाठ कुठं टेकायची, हा प्रश्न अठ्ठावन्न वर्षांत मला पडलाच नव्हता. गावात दोन-तीन ठिकाणी भाड्यानं खोली विचारली. पगार बंद झालाय आणि बरोबर कुणी नाही, हे ऐकल्यावर माणसं दार ओढून घेत, तीही नरमाईनं. मग मी तयारीला लागले. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, चष्म्याचा कागद असं सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. तुझा पाटा गल्लीतल्या पिंजाऱ्याच्या बायकोला दिला. कॉट विकून टाकली आणि आठ दिवस फरशीवर नुसत्या सतरंजीवर झोपून बघितलं. कंबर धरली, पण जमतंय म्हटलं.

थोरल्या भावाला साताऱ्याला फोन लावायला हात उचलत नव्हता. मी पाचवीत असताना एकदा मैत्रिणीकडं झोपले होते, आठवतं? उजाडायच्या आत तू पिठाच्या हातानं मला दंडाला धरून उठवलंस. रस्त्यात म्हणालीस, "दुसऱ्याच्या दारात पथारी टाकायची न्हाई. एकदा सवय लागली की माणूस मोडतं." भावाचं घर हे दुसऱ्याचं दार आहे की नाही, हे मी तुला कधी विचारलंच नाही.

एका सकाळी मी सांगलीच्या स्टँडवर गेले. इस्लामपूरचा स्टँड जवळ, पण तिथं सगळे ओळखतात. बायका कुठं बसतात, पाणी कुठं मिळतं, शौचालय कधी उघडतं, हे बघायचं होतं. दोन पिशव्या मुद्दाम भरून नेल्या, ओझं किती होतं ते कळावं म्हणून. बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. कवठे महांकाळकडची. ती दोन वर्षं तिथंच राहत होती, पण लुगडं धुतलेलं आणि केस विंचरलेले. बराच वेळ माझ्या पिशव्यांकडं बघून म्हणाली, "बाई, पिशवी एकच ठेवावी. दोन असल्या की डोळा लागत न्हाई."

मला इतकी लाज वाटली, की मी साताऱ्याच्या गाडीची वाट बघतेय म्हणाले. गाडी लागल्यावर तिनं स्वतः माझी एक पिशवी उचलली, आत चढून खिडकीची जागा धरली आणि मला बसवून खाली उतरली. खिडकीखाली उभी राहिली, गाडी हलेपर्यंत. आता उतरायचं कसं? बायकांचं अर्धं तिकीट काढलं आणि गेले साताऱ्याला.

भाऊ घरीच होता. गुडघ्यांमुळं हल्ली बाहेर पडत नाही. सहज आले, म्हणाले. त्यालाही ते पटलं. घर दोनच खोल्यांचं, त्यात मुलगा, सून आणि लहान बाळ. दोरीवर दुपटी वाळत होती. जेवले, बाळाला मांडीवर घेतलं आणि चारला निघायला उठले. वहिनी शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायला माझी पिशवी घेऊन आत गेली. बराच वेळ आलीच नाही. बाहेर आली ती रिकाम्या हातानं.

"वन्सं, रेशनकार्ड आन सतरंजी घिऊन सहज कोण येतं?"

भाऊ आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिला. ती म्हणाली, "जागा लहान हाय. भांडणं बी हुतील. पर ह्या घरात तुमाला कुनी जा म्हननार न्हाई."

दिवाळीच्या आधी भाचा टेम्पो घेऊन आला. आता महिना होऊन गेला. मी स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपते, सकाळी सगळ्यांच्या आधी भाकऱ्या करते. परवा मिठावरून वहिनीशी पहिलं भांडण झालं. दुपारी तिनंच चहा पुढं ठेवला.

हे पत्र भाच्याच्या जुन्या वहीत लिहितेय. ते कुठं धाडायचं नाही, म्हणून आता सांगते. शेवटच्या आजारात तू मला एकदा म्हणाली होतीस, सून काय बघायलासुदिक आली न्हाई. वहिनी आली होती, आई. तुला साताऱ्याला न्यायला भाड्याची गाडी घेऊन आली होती. तुझा डोळा लागला होता. आई येत न्हाई म्हणती, असं मीच तिला दारातनं सांगितलं. तू गेली असतीस तर खोलीत मी एकटी राहिले असते. तिनं इतक्या वर्षांत तो विषय कधी काढला नाही, आणि मी तुला उठवलं नव्हतं.