आईच्या उजव्या कानासाठी

अण्णा, आईसाठी टीव्हीच्या छत्रीचा नवा डबा घेतला. दर महिन्याला रिचार्ज लागत नाही, फुकट चॅनेल दिसतात, तो. हे तुम्हाला कौतुकाने सांगत नाहीये. तुम्ही असतात तर डबा तुम्हीच निवडला असता, रिमोट तुमच्या उशीखाली गेला असता आणि आई स्वयंपाकघरात बसून भिंतीआडून ऐकत राहिली असती. गावाला, वटारच्या घरात असंच चालायचं. टीव्ही ओटीवर, तुम्ही समोर, आणि आम्ही तुमच्या पाठीमागे, खोकलासुद्धा दाबून.

आई आता वसईत माझ्याकडे असते. केबल सारखी बंद पडायला लागली तेव्हा मी तिला स्टेशनरोडच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. मी फरक विचारला. "ताई, साध्या डब्यात काही चॅनेल येतच नाहीत, त्यांचा सिग्नल नवीन टाइपचा आहे. तुमच्या टीव्हीला मागे काय आहे? चपटी पिन की तीन रंगांच्या वायरी?" मी टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून नेला होता, तो दाखवला. आईला यातल्या कशातच रस नव्हता. तिने एकच विचारलं, "यातल्या कुठल्याचा आवाज मोठा?"

तो हसला नाही, हे बरं झालं. "मावशी, आवाज टीव्हीचाच असतो. पण हा नवा डबा घेतलात तर मागून आवाजाची वेगळी वायर काढता येते. छोटा स्पीकर खुर्चीपाशीच ठेवायचा. कुठल्या कानाने नीट ऐकू येतं?"

"उजव्या."

"आणि डाव्याला काय झालं?"

"पडले होते विहिरीपाशी," आई म्हणाली. डॉक्टरला म्हणाली होती तसंच, मामाला म्हणाली होती तसंच, अगदी सहज.

मी तेव्हा घरातच होते, अण्णा. संध्याकाळ आहे. आई चुलीपुढे बोंबील तळतेय, तेल तडतडतंय, आणि तुमच्या बातम्या घर दणाणून सोडतायत. तुम्ही ओटीवरून चहा मागता. पुन्हा मागता. त्या गलक्यात तिला काय ऐकू येणार? तुम्ही उठून आत येता. "कान फुटलेत का तुझे?" असं विचारता आणि उत्तराची वाट न बघता मारता. ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहते, हातातला झारा सोडत नाही. तुम्ही म्हणता, "बोंबील करपतायत," आणि परत बातम्यांपुढे जाऊन बसता. तुमच्या विचारण्याआधी तिचे दोन्ही कान धड होते. डॉक्टरकडेही तुम्हीच नेलंत, आणि विहिरीची गोष्ट रिक्षात बसल्याबसल्या तुम्हीच तिला पढवलीत. मी मधे बसले होते.

दुकानात माझ्या तोंडून निघून गेलं, "पडली नाही ती. माझ्या बापाने मारलं होतं." दुकानदार मान खाली घालून वायर गुंडाळायला लागला. आईने माझा दंड घट्ट धरला. "दुकानात कशाला गो? लोकांना काय करायचंय?" घरी येताना रिक्षात ती मुद्दाम डावा कान माझ्याकडे करून बसली. म्हणजे मी काय बोलायचं ते बोलावं, तिला ऐकायचं नव्हतं. मला तिचा राग आला, आणि मग तो सगळा तुमच्यावर वळला. मेल्यावरही तुमची अब्रू तीच सांभाळत होती.

दुसऱ्या दिवशी माणूस येऊन गच्चीवर छत्री लावून गेला. चित्र स्वच्छ आलं. स्पीकर मी स्टुलावर, तिच्या उजव्या हाताला ठेवला आणि रिमोट तिच्या मांडीवर. पहिले चार दिवस तिने आवाज वाढवला नाही. पाचव्या दिवशी कुठलंसं कीर्तन लागलं होतं, तेव्हा वाढवला, मग आणखी वाढवला. समोरच्या फ्लॅटमधली बाई बघायला आली. भांडायला नाही, भली आहे ती. म्हणाली, "काकू, स्पीकर असा एकाच बाजूला का ठेवलाय?"

मी स्पीकरची वायर नीट करायला लागले. दुकानातलं पुरे झालं होतं.

"डाव्या कानावर नवऱ्याने मारलं होतं," आई म्हणाली. नजर टीव्हीवरच. "मेला तो. बस, चहा घे."

तुम्हाला ती जन्मभर 'हे' म्हणत आली, अण्णा. तुम्ही गेल्यानंतरसुद्धा. 'तो' मी पहिल्यांदा ऐकलं. चहा मी केला.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. तुमच्या फोटोपुढे ठेवण्याएवढाही मान तुम्हाला द्यायचा नाही. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा आई रडली नव्हती. रडले ती मी. अजूनही कधीतरी रडू येतं, आणि तुमच्यापेक्षा जास्त राग मला त्याचाच येतो.