परीक्षा सांगलीला, सासर मिरजेपलीकडे

३ एप्रिल १९४५, सातारा

औषधाचं गणित आज पुन्हा चुकलं. मला नर्सच्या परीक्षेसाठी शिकवणाऱ्या लेले बाईंनी पाटी पाहिली आणि म्हणाल्या, "पद्मा, तुझा रोगी आज स्वर्गात गेला गं." त्या हसल्या, मला हसू येईना. परीक्षा दीड महिन्यावर आली. सातवी पास झाले त्याला किती वर्षं झाली! मग लग्न, शेण, भाकऱ्या. हे गेल्यापासून माहेरी, भावाच्या, अण्णाच्या घरात. डोक्यात होतं नव्हतं ते सगळं चुलीत गेलं. इंग्रजीची तर नुसती अक्षरं ओळखते. रॉकेल मिळत नाही, तेव्हा उजेड आहे तोवरच काय ते वाचायचं. आणि उजेड असतो तेव्हा कुसुमवहिनीला दळण आठवतं.

९ एप्रिल

सासरहून भरमू भाऊजी आले. मला न्यायलाच आले होते. मामंजींचं एक अंग गेलं आहे. पौषापासून अंथरुणात. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना उचलवत नाही.

"वैनी, शुश्रूषाच करायची हाय न्हवं तुमास्नी? मग घरातच रोगी हाय की. सांगलीला कशापायी जाताय?"

टोमणा असता तर उलट बोलले असते. पण त्यांचे डोळे भरले होते.

शेवटी अण्णानं ठरवलं. नर्सच्या परीक्षेत निवडली गेली तर सांगलीचा दवाखाना. नाही तर ज्येष्ठात तुम्ही घेऊन जा. भाऊजी "बरं" म्हणाले. बाजारात म्हैस ठरवावी तसं. मी दाराआड उभी. कुणी विचारलं नाही, तुझं काय म्हणून.

हे गेले तेव्हा मामंजींनीच मला इथं आणून सोडलं होतं. सासूबाई नको म्हणत होत्या, तरी. "शीक पोरी. हितं तुझं मातेरं हुईल." हेच शब्द. आणि आता तेच...

जाऊ दे. उद्या अपूर्णांक.

१६ एप्रिल

कुसुमवहिनीचं बोट विळीवर कापलं. रक्त पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी. मी खाली बसले. वहिनीनंच एका हातानं चिंधी बांधली, वर मला पाणी दिलं. "ह्या म्हणे नर्स होणार!" दिवसभर घरात तेच चाललं होतं. अण्णासुद्धा हसला.

खरंच सांगते, मला आता परीक्षेची नाही, पास होण्याचीच भीती वाटायला लागली आहे. तिथं बोट नसणार, पाय असणार, पोट असणार. आणि चिंधी बांधायला वहिनी नसणार.

२४ एप्रिल

आईनं जिनमंदिरात नेलं. देवासमोर दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. आणि गाळल्याशिवाय पाणी वापरायचं नाही, मग ते प्यायचं असो की दुसऱ्या कशाचं. "तिथं कोण बघतंय म्हणशील. पाण्यातले जीव बघतात." आईनं दुहेरी जाड कापडाचं नवं गाळणं शिवून दिलं. मी हो म्हटलं. पाळीनही. पण दवाखान्यात हे चालेल का, ते कुणाला विचारू? लेले बाईंना विचारलं तर म्हणाल्या, आधी गणित नीट कर.

५ मे

बाटल्यांवरची इं. नावं पाठ करते आहे. लेले बाई चिठ्ठ्या लिहून रिकाम्या बाटल्यांना चिकटवतात आणि विचारतात, पोटात घ्यायचं कोणतं, वरून लावायचं कोणतं. आज वरून लावायचं औषध मी पोटात दिलं. बाई या वेळी हसल्या नाहीत. मान खाली घालून चिठ्ठी पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

जेवण जात नाही. आई म्हणते दृष्ट लागली. कसली दृष्ट!

वहिनी शेजारणीला सांगत होती, "परक्या बाप्यांची अंगं पुसायची म्हणे." मी ऐकलं असं तिला कळलं, तरी थांबली नाही.

१३ मे, सांगली

अण्णाबरोबर आले. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. सुट्टीवर आलेले शिपाई, त्यांच्या ट्रंका. कराडला एकानं उठून मला जागा दिली. अण्णा सारखा म्हणत होता, "घाबरू नकोस." त्याचाच आवाज कापत होता. धर्मशाळेत उतरलो आहोत. ऊन असतानाच जेवून घेतलं.

१४ मे

लेखी झाली. निबंध बरा गेला. गणितं आली तशी केली. इं.चा कागद जवळजवळ कोराच. शेजारी मार्था नावाची मुलगी होती, वाईकडची, ख्रिस्ती. तिनं मधल्या सुट्टीत विचारलं, "तुला भीती वाटतेय?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मला तर लय वाटतीय गं." मग दोघी हसलो. किती दिवसांनी हसले.

१५ मे

आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

आज तोंडी आणि हातची परीक्षा. गोऱ्या मेट्रनबाई. मराठी चांगलं बोलतात, पण अण्णालासुद्धा "तू" म्हणाल्या. मला काम दिलं जखम धुवायचं पाणी तयार करण्याचं. सोपं! लेले बाईंकडे कितीदा केलं होतं. साबणानं हात धुतले, भांडं घासलं, नळाचं पाणी घेऊन स्टोव्हवर ठेवलं, झाकण ठेवलं. खळाखळा उकळलं. मे. बाई मान डोलावत होत्या.

आणि तेवढ्यात आठवलं. पाणी गाळलंच नाही! घाईत तसंच ठेवलं. देवासमोर कबूल केलेलं पहिल्याच कामात मोडलं. काही सुचेना. पाणी निवलं तसं कमरेला खोचलेलं गाळणं काढलं आणि ते सगळं उकळलेलं पाणी गाळून तबकात ओतलं. गाळणं हातात धरून आता हे उलटं धुऊन त्यातले जीव परत पाण्यात सोडायला विहीर कुठं आहे, म्हणून खिडकीबाहेर बघत होते. मार्थानं तोंडावर हात ठेवला, तेव्हा कळलं.

"हे काय केलंस?" मे. बाईंनी विचारलं.

"पाणी गाळलं."

"उकळल्यावर? कमरेच्या फडक्यानं? जखमेत काय गेलं मग?"

खोटं बोलायचंसुद्धा सुचलं नाही. म्हटलं, "आमच्यात गाळल्याशिवाय पाणी वापरत नाहीत, बाई. आधी गाळायचं, ते विसरले. मग भीती वाटली."

"कोणाची भीती? माझी?"

"आईची. आणि पाण्याची."

मे. बाई बघत राहिल्या. सगळ्या मुली बघत राहिल्या. मी ते पाणी फेकून दिलं. कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, "पुन्हा करते." मी आधी गाळलं, मग स्टोव्हवर ठेवलं, मग हात पुन्हा धुतले. या वेळी झाकण काढून पाणी तसंच ओतलं.

शेवटी मे. बाईंनी विचारलं, "तुमच्यात रात्री जेवत नाहीत ना? रात्रपाळी लागली तर उपाशी काम करशील?"

"दिवस मावळायच्या आत जेवीन. तेवढी सवड द्या."

"रक्त पाहिलं आहेस?"

"हो. चक्कर आली होती."

इतर मुली भीती, चक्कर असल्या सगळ्या प्रश्नांना नाही नाही म्हणत होत्या. मी एकटीच हो हो म्हणत सुटले. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि "जा" म्हणाल्या.

बाहेर अण्णा उभा. "कसं झालं?" मी म्हटलं, "पाणी चुकलं." त्याला काय कळणार!

२० मे, सातारा

आईला सांगितलं. वाटलं होतं वाईट वाटून घेईल. ती म्हणाली, "दुसऱ्या वेळी आधी गाळलंस ना? मग झालं." इतकी निर्धास्त! आणि मी इकडे जेवत नाही, झोपत नाही. आईवर रागच आला.

टपालवाला गल्लीत आला की मी दाराआड होते. तो पुढे गेला की बरं वाटतं. मग पुन्हा वाईट वाटतं.

२ जून

मार्थाचं कार्ड. तिला बोलावणं आलं. लिहिते, दोघींचं अजून ठरलं नाही, मे. बाई थांबल्या आहेत, त्यात तू आहेस असं ऐकते. ऐकते म्हणजे कुणाकडून? लेले बाई म्हणाल्या, धीर धर. धीर कुठल्या दुकानात मिळतो ते बाईंनी सांगावं.

मार्थासाठी आनंद झाला. खोटं कशाला लिहू, थोडासाच झाला.

८ जून

भाऊजी आले. ठरल्याप्रमाणेच आले, त्यांची चूक नाही. चहा दिला. मामंजींचं विचारलं.

"पाठीला भोक पडलंय, वैनी. वास येतुय. आई नाकाला पदर लावून बसती."

"कूस कोण बदलतं?"

"कोन बदलनार? मी रानात. आई ही अशी."

मी सांगायला लागले. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, चादरीला चुणी राहू देऊ नका, पाणी गाळून उकळून त्यानं जखम धुवा, अंग कोरडं ठेवा. सगळं बरोबर आलं. एकही शब्द चुकला नाही. भाऊजी शेंदूर फासलेल्या देवाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

"ह्ये आमास्नी कुठलं जमतंय? तुमी आलाव की हुईल."

"मामंजी काही म्हणतात?"

"बोलाया येत न्हाई. पर तुमचं नाव घेतलं की दाराकडं बघत्यात."

आत गेले आणि रडले. वहिनी मागून आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता शेजारी बसली.

९ जून

अजून काही कळवलेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. ट्रंक भरली, त्यात दोन लुगडी आणि इं. पुस्तक. अण्णाला आणि भाऊजींना सांगितलं की वाटेत आधी दवाखान्यात जाईन. मे. बाईंना तोंडानं विचारीन. हो म्हणाल्या तर तिथंच राहीन, नाही म्हणाल्या तर पुढे. भाऊजी म्हणाले, "इचारा की. म्या फाटकात हुबा ऱ्हातो."

बिचारे भाऊजी. मनात काही नाही त्यांच्या.

संध्याकाळी आईबरोबर मंदिरात गेले. इतके दिवस एकच मागणं होतं, बाई हो म्हणू देत. आज हात जोडले आणि तेच मागता येईना. आई बाहेर चपलांपाशी थांबली होती, उशीर झाला म्हणून हाका मारत होती. मला फक्त एवढंच दिसत होतं की बाई हो म्हणाल्या आहेत, आणि मी फाटकाशी जाऊन भाऊजींना ते सांगते आहे, आणि तिकडे मामंजी दाराकडे बघताहेत.