सहा महिन्यांची शपथ

कोक-जार, ६ डिसेंबर २०२१

चि. एरमेक यास बुरुलकान एजेचे अनेक आशीर्वाद.

मोठ्या बहिणीच्या अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट मोडलंय, डाव्या हातानं लिहितेय. फोनचा चुरा झाला, म्हणून पत्र. तुमच्या लसनियोजन कक्षाचं परिपत्रक एक तारखेला आलं: साठीपुढच्यांना तिसरा डोस सहा नव्हे, चार महिन्यांनी. कारण काय, तर ‘तांत्रिक दुरुस्ती’. सेयिल आजीला करोनानं नेलं त्याला तेव्हा अठरा दिवस झाले होते. वरातीमागून घोडं ते हेच.

ऑगस्टमध्ये तुमच्या कागदावर कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा गावची नर्स म्हणून मी नान हातात घेऊन शपथ घेतली की सहा महिने काळजी नाही. नानवर खोटं बोलणाऱ्याला इथे कोणी दारात उभं करत नाही, तुला माहीतच आहे. नवा कागद मी भिंतीवर लावला आणि तिसऱ्या दिवशी आजीचा मुलगा सामात दवाखान्यात आला. घोड्याच्या चाबकानं त्यानं माझं तोंड फोडलं. मी पडले तसा माझा हात लसींच्या फ्रिजच्या दारात धरून दार आपटलं. मग नानचा तुकडा तोंडात कोंबून म्हणाला की घे आता पुन्हा शपथ. बाहेर सहा-सात बायका होत्या. एकही आत आली नाही.

तक्रार केलेली नाही. एवढंच कळव: चार महिन्यांचं तुम्हाला कधी कळलं? आपाला सांगू नकोस, आईचं मन, रडत बसेल. उत्तर याच टॅक्सीवाल्याकडे दे. लोभ आहेच, उत्तर टाळलंस तर राहणार नाही.

तुझी एजे

बिश्केक, ११ डिसेंबर

ती. एजेस एरमेकचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून रक्त उसळलं. तो सामात शाळेपासूनच रानटी. तू नुसतं हो म्हण, त्याला तुरुंगात सडवतो. तारखेचं म्हणशील तर शास्त्र बदलतं तसा सल्ला बदलतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आपण लहान माणसं, वरून येईल ते टंकायचं.

आई मजेत आहे. इथलं मटण रबरासारखं म्हणून रोज सुनेचा उद्धार करते. तिची काळजी नको, तिसरा डोस मी ऑक्टोबरातच उरकून घेतला. मलम पाठवतोय, रोज लाव. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा एरमेक

कोक-जार, १५ डिसेंबर

एरमेक,

आज आशीर्वाद नाहीत. आपाला आणि सेयिल आजीला दुसरा डोस मीच दिला, चौदा जूनला, एकाच बाटलीतून, एकीमागून एक. आपाला तिसरा ऑक्टोबरात, म्हणजे चार महिन्यांनी. आजीसुद्धा ऑक्टोबरअखेर काठी टेकत आली होती. अजून दीड महिना आहे म्हणून मीच परत पाठवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो आपल्याच घरात निघाला.

काल भरदुपारी कोणीतरी दवाखान्यात जळती चिंधी फेकली. फ्रिज वाचला, माझे केस आणि अर्धा कान गेला. गावात त्रेचाळीस म्हातारे डोसावाचून आहेत आणि माझ्या हातून सुई घ्यायला एकही तयार नाही. असेच राहिले तर तेही जातील. तारीख लिही, सहीनिशी.

बुरुलकान

बिश्केक, २० डिसेंबर

ती. एजेस सा. न.

अठरा सप्टेंबर. अहवाल मीच टंकला. म्हाताऱ्यांचं संरक्षण चार महिन्यांनी झपाट्यानं उतरतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. साठा अपुरा होता. साहेब म्हणाले, आत्ता सांगितलं तर झुंबड उडेल, लस आली की बघू. अहवाल कपाटात गेला आणि मी आपाचं नाव गुपचूप यादीत घुसवलं. तुला फोन लावायला घेतला होता, पण नोकरी जाईल म्हणून भ्यालो. एजे, मी भ्यालो.

अहवालाची प्रत सोबत आहे. हात जोडतो, कुणाला दाखवू नकोस. कसाही असलो तरी तुझाच आहे.

एरमेक

कोक-जार, २६ डिसेंबर

चि. एरमेक यास आशीर्वाद.

दाखवलं. शुक्रवारी शाळेच्या पटांगणात अहवाल वाचला आणि तुझं पत्रही, हात जोडण्यासकट. मी म्हणाले की जे मला ठाऊक नव्हतं त्यावर मी नान उचलला, हा माझा गुन्हा. सामात माझ्या हाताकडे बघत राहिला, मग स्वतःच्याच तोंडावर मुठी मारू लागला. तिघांनी धरेपर्यंत त्याचे दोन दात पडले होते. शनिवारी एकतीस म्हाताऱ्यांनी माझ्यासमोर बाही वर केली.

ज्याला माहीत होतं तो कुठे राहतो, असं सामातनं विचारलं. मी सांगितलं नाही. पत्ता तुझ्या पाकिटावर होता, तो त्यानं वाचला.

म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याकडे न देता त्याच्याच हाती देतेय. तू वाचून संपवेपर्यंत गप्प उभा राहीन, असा त्यानं शब्द दिलाय. चाबूक मी ठेवून घेतला, हातांचं सांगता येत नाही. आपाला आतल्या खोलीत पाठव. दार लावू नकोस. तारीख त्याला तुझ्या तोंडानं सांग. लोभ माझ्याकडे मागू नकोस, आधी त्याच्याकडे माग.

तुझी एजे