मुलगी बघायला गेलो, त्याची हकीकत

मु. कळसाडी, ता. शहादा

चि. नवनीत यास,

दाजींचा भरघोस आशीर्वाद, आणि तुझ्या बहिणीचा, कमलचा, त्याहून भरघोस (तिचा माझ्यापेक्षा नेहमी पावशेर जास्तच असतो). इकडे सगळे खुशाल. ऊस उभा आहे, कापूस वेचणीला आलाय, म्हैस आटलीय आणि मिशी ठेवायची की काढायची हे आमच्या भूपेशचं अजून ठरत नाही. तुझी खुशाली मात्र तुझ्याकडून कळत नाही. दोन महिने तू फोन उचलत नाहीस, म्हणून ह्या जमान्यात मला शाळेतलं अक्षर पुन्हा बाहेर काढावं लागलं. कामिनीने कळवलं की तू धड जेवत नाहीस, झोपत नाहीस, ऑफिसातून येतोस आणि बूटही न काढता गॅलरीत बसून राहतोस, आणि डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का?" म्हणून बायकोवर, म्हणजे तिच्यावरच, ओरडतोस. तिला वाटलं मी तुला रागावेन. मी कशाला रागावू? हेच वाक्य गेल्या वर्षी सात महिने मी वापरत होतो, पार गुळगुळीत केलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सविस्तर कळवतो. सवडीने वाच, पण पूर्ण वाच.

तर गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून मला काही गोडच लागेना. लोणखेड्याच्या लग्नात वरण-बट्टीची पंगत होती. माझा लौकिक तुला ठाऊक आहे, वाढपी माझ्या पानाशी येताना कंबर कसून येतात. त्या दिवशी मी अर्धी बट्टी खाल्ली आणि उरलेली अर्धी तुपात बुडवून तिच्याकडे बघत बसलो. पंगतीत चर्चा झाली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं पित्त. गोपालने (माझा चुलत भाऊ, त्याच्याकडे स्वतःचा गुडघा सोडून जगातल्या सगळ्या दुखण्यांवर उपाय असतो) तीन दिवस कारल्याचा रस पाजला. त्यामुळे मला दुःखी असायला निदान एक खरं कारण मिळालं. मग शहाद्याला रक्त तपासलं. रिपोर्ट इतके चांगले आले की ते वाचून आणखी वाईट वाटलं. बांधावरून गोपालशी माझं वीस वर्षांचं भांडण आहे, तेही माझ्या हातून सुटलं. त्याने बांध हातभर माझ्या वावरात सरकवला, तरी मी नुसतं "बरं" म्हणालो. गोपाल इतका घाबरला की दुसऱ्या दिवशी त्याने बांध मुकाट्याने जागेवर नेऊन ठेवला.

आता पुढचं जरा नीट वाच. एका दुपारी ठिबकची नळी हातात धरून उभा होतो आणि मनात आलं, आपण नसलो तर ह्या शेताचं आणि घराचं काही अडणार नाही. हे मनात आलं आणि मला वाईट वाटलं नाही, नवनीत, हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच मला भीती वाटली. तसाच घरी आलो आणि तुझ्या बहिणीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने गॅस बंद केला, हात धुतले, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ट्रॅक्टर बंद पडना तं मारोतीले नारय बी फोडतस आन मिस्तरीले बी बलावतस. मंग तुम्हीच असा कोण लागी गयात, बिगर मिस्तरीना चालाले?" एवढं बोलून तिने नंदुरबारच्या मनाच्या डॉक्टरचा शनिवारचा नंबर लावून टाकला. (नारळही फोडला. ती कोणाला नाराज करत नाही.)

पण गावाला काय सांगायचं? शनिवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून आम्ही तिघं गाडीत बसतोय, तोच गोपाल फाटकात. कुठे? नंदुरबारला. कोणाकडे? माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरकडे." कशाला? मी घाबरून म्हणालो, "भूपेशसाठी मुलगी बघायला." झालं. मुलगी डॉक्टर आहे म्हटल्यावर गोपालचे डोळेच फिरले. आणि मुलगी बघायला कोणी भाऊबंदांशिवाय जातं का? भाऊबंद मेले आहेत काय? पंधरा मिनिटांत त्याने दोन म्हातारे पांढऱ्या टोप्यांसह गोळा केले, त्याची बायको दगूबाई नवं लुगडं नेसून नारळ आणि साखरेचा पुडा घेऊन आली, आणि आम्ही सात जण माझ्या मनावर उपचार करायला निघालो. भूपेश गाडी चालवत होता. त्याला खरं माहीत होतं, आणि प्रकाशा गाव येईपर्यंत तो आरशातून माझ्याकडे असा बघत होता की मी खिडकीबाहेर केळी मोजत राहिलो.

दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, पेशंटबरोबर एकानेच आत जायचं. गोपाल म्हणाला, "आम्ही सगळा एकच!" आणि सातही जण आत घुसलो. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, हसतमुख, टेबलामागे बसलेल्या. गोपालला काही नवल वाटलं नाही. नोकरीवाली मुलगी, रजा मिळाली नसेल, म्हणून कार्यक्रम इथेच ठेवला असेल. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली. पूर्ण नाव काय, शिक्षण किती झालं, भाऊ किती, मामा कुठले. मग प्रेमाने विचारलं, "बेटा, सैपाक येस का तुले?" त्या बाईंनी आयुष्यात काय काय पाहिलं असेल कोण जाणे. शांतपणे म्हणाल्या, भरीत चांगलं जमतं, भाकरी मात्र फाटते. दगूबाईने लगेच मान डोलावली, भाकरी शिकवता येईल.

मग बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, झोप कशी लागते? मी तोंड उघडायच्या आत गोपाल म्हणाला, दगडासारखी! भूक? एका बैठकीत आठ बट्ट्या! कामात मन लागतं? आमच्या दादासारखा कष्टाळू माणूस तालुक्यात नाही! मुलीकडचे लोक सासऱ्याची चौकशी करताहेत आणि आपण कुळाचं नाव राखतोय, अशी त्याची समजूत. मी ऐकत होतो. माझी इतकी तारीफ त्याने वीस वर्षांत केली नव्हती, आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मी म्हणालो, "नाही हो बाई. सात महिने झोप नाही. अन्न गोड लागत नाही. जगावंसं वाटत नाही." गोपालने माझी बाही ओढली आणि कानात म्हणाला, "दादा, असं नको सांगू, सोयरीक मोडी जाई!"

तेव्हा मात्र मी रडलो. पांढऱ्या टोप्यांसमोर, साखरेच्या पुड्यासमोर, घळाघळा. बाईंनी सगळ्यांना गोडीने बाहेर काढलं आणि मी तासभर बोललो. त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच गोळ्या लागतात असं नाही, काहींना बोलूनच बरं वाटतं. पण तुमची झोप, भूक, कामाची गोडी तिन्ही गेली आहेत, त्यालाही सात महिने झाले आहेत, आणि मनात असले विचार येताहेत. तेव्हा तुम्हाला बोलणंही लागेल आणि गोळीही. आणि तो विचार पुन्हा आला तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच घटकेला कमलबाईंना सांगून निघायचं. मी विचारलं, म्हणजे मी वेडा आहे का? त्या म्हणाल्या, वेडं तर मला बाहेर बसलेलं कोणी वाटलं नाही, तुम्ही तर नाहीच नाही.

बाहेर आलो तर गोपालला कोणीतरी पाटी वाचून दाखवली होती. परतीच्या वाटेत त्याने माझा हात धरून ठेवला होता, तो कळसाडी येईपर्यंत सोडला नाही. गावात मात्र त्याने जाहीर केलं की मुलगी लाखात एक आहे, पण तिचं लग्न झालेलं आहे.

गोळ्यांचं सांगायचं तर आपली शेतकऱ्याची जात. फवारा मारला की दुसऱ्या दिवशी किडे पडलेले दिसले पाहिजेत. तिसऱ्या दिवशी तोंड कोरडं, डोळ्यांवर झापड, आणि मनाला ढिम्म फरक नाही. मी जाहीर केलं, औषध बोगस आहे, कंपनी बदला. (कापसावर करतो तसं दोन औषधं एकत्र कालवायचाही बेत होता.) तुझी बहीण म्हणाली, "केळी लावी का तिसरा दिन घड मांगतस का तुम्ही?" आणि बाईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, तीन-चार आठवडे जाऊ द्या, मनाने वाढवू नका, मनाने सोडू नका, मला विचारा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बांधावर गेलो. गोपालने वीतभर माती माझ्याकडे ओढलेली होती. मला संताप आला. असा खणखणीत संताप, की त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तोही कडाडला. आरडाओरडा ऐकून तुझी बहीण धावत आली, आम्हाला भांडताना बघितलं आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. त्या संध्याकाळी घरी शेवभाजी झाली आणि मी चार भाकरी खाल्ल्या. गोपाल शेजारी बसून पाचवी वाढत होता.

अजून महिन्यातून एकदा जातो. तू माझं ऐकावंस असा माझा आग्रह नाही. आपल्या दोन्ही घरांत ह्या दवाखान्याची पायरी चढायची हिंमत पहिल्यांदा मीच केली, एवढंच कळवायचं होतं.

तुझा दाजी,
रतिलाल

ता. क. येत्या शनिवारी भूपेशसाठी नंदुरबारला मुलगी बघायला जायचं आहे. मामाशिवाय मुलगी बघत नाहीत, तेव्हा तुला यावंच लागेल.

ता. क. दुसरा. मुलगी-बिलगी काही नाही. अकराचा नंबर तुझ्या नावाने लावला आहे. गोपालला कळवलेलं नाही, पण त्याने टोपी धुवायला टाकली आहे.

ता. क. तिसरा, कमलचा. नवनीत, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी लिहिते. पहिली हिंमत यांनी केली असं यांनी लिहिलंय, ते तसंच असू दे. आपली आई गेली त्या वर्षी मी दर महिन्याला मावशीकडे जाते म्हणून जात होते ना, ती ह्याच बाईंकडे. वर्षभर गोळ्या घेतल्या. बाईंनी सांगितलं तेव्हा हळूहळू बंद केल्या. यांना अजून माहीत नाही, कोणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे. तेव्हा मी एकटी जात होते आणि एकटी परत येत होते, फार जड गेलं. तुला मी एकटा जाऊ देणार नाही. शुक्रवारी सकाळच्या गाडीने सुरतेला तुला घ्यायला येते. कपडे भरू नकोस, मी भरीन.